सफकची माती : तंबू की यंत्र?

लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकावरून सुटलेली गाडी साधारण सव्वा तासात इप्सविचला पोहोचते. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील सफक परगण्याचे हे मुख्य शहर. डोंगर म्हणावा असा उंचवटा या परगण्यात नाही. गहू, बार्ली आणि शुगरबीटची सपाट शेते, गारगोटीच्या दगडांनी बांधलेले चर्चचे मनोरे, समुद्राकडे संथपणे जाणाऱ्या नद्या आणि ओहोटीच्या वेळी त्यांच्या मुखाशी उघडी पडणारी चिखलाची मैदाने, असा हा प्रदेश. येथे पाहण्यासारखे फारसे काही नसावे, असे प्रथमदर्शनी वाटते. प्रत्यक्षात येथील मोठे वैभव जमिनीखाली दडलेले होते आणि त्यातील काही अजूनही तेथेच असावे.

या इप्सविचमध्ये स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबात एका वसंत ऋतूत एक प्रश्न उपस्थित झाला. उन्हाळ्यातील शनिवार-रविवार पडद्यासमोर न घालवता घराबाहेर घालवायचे, हे सर्वांनी मान्य केले होते. मात्र कोणत्या निमित्ताने, यावर एकमत होईना. धाकट्या मुलीला तंबू हवा होता. चौदा वर्षांच्या मुलाला हवा होता मेटल डिटेक्टर. जमिनीवरून तबकडी फिरवावी, कानातल्या हेडफोनमध्ये सूर उमटावा आणि खुरप्याने माती उकरताच हाती रोमन नाणे यावे, हे त्याचे स्वप्न होते. दोन्ही वस्तू एकदम घेण्याइतके पैसे बाजूला काढलेले नव्हते. शिरोळ तालुक्यातून आजी-आजोबा चार महिन्यांसाठी आले होते. ऊस आणि भाजीपाला पिकवण्यात हयात घालवलेल्या आजोबांनी नातवाचे बोलणे पूर्ण ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “पण शेत कुणाचं? त्याला विचारलंस का?”

नातवाजवळ उत्तर नव्हते. तेव्हा वडिलांनी एक तोड काढली. काहीही विकत घेण्यापूर्वी परगण्यातील काही जागा सर्वांनी मिळून पाहाव्यात आणि मगच निर्णय करावा.

तसे पाहिले तर या दोन्ही छंदांना इंग्लंडमध्ये मोठी परंपरा आहे. विरंगुळ्यासाठी तंबूत राहण्याची प्रथा तेथे रुजवण्याचे श्रेय टॉमस हायरम होल्डिंग या शिंप्याला दिले जाते. १८५३ मध्ये, बालवयात, त्याने आईवडिलांबरोबर अमेरिकेतील गवताळ प्रदेश गाड्यांच्या तांड्यातून ओलांडला होता. पुढे सायकलवर नेता येतील असे हलके तंबू त्याने तयार केले, १९०१ मध्ये सायकलस्वार तंबूकरांची संघटना उभारण्यात पुढाकार घेतला आणि १९०८ मध्ये या विषयावर एक मार्गदर्शक ग्रंथही लिहिला. धातुशोधक यंत्राचा उगम मात्र विरंगुळ्यात नाही. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी असे यंत्र वापरून पाहिले. तो प्रयत्न अयशस्वी ठरला. दुसऱ्या महायुद्धात जमिनीत पेरलेले सुरुंग शोधण्यासाठी त्याचा उपयोग झाला आणि १९७० च्या दशकात स्वस्त, हलकी यंत्रे हौशी लोकांच्या हाती आली. एक छंद प्रवासातून जन्मला आणि दुसरा वेदनेतून व युद्धातून, असे म्हणता येईल.

पहिली भेट सटन हूची झाली. इप्सविचपासून थोड्या अंतरावर डेबेन नदीच्या काठी वुडब्रिज हे जुने गाव आहे. त्याच्या समोरच्या तीरावर उंचवट्यावर काही गवताळ टेकाडे दिसतात. १९३९ मध्ये या जमिनीच्या मालकीण ईडिथ प्रिटी यांनी बॅझिल ब्राऊन या स्थानिक, स्वयंशिक्षित उत्खननकाराला त्यातील सर्वांत मोठे टेकाड उकरण्यास सांगितले. लवकरच मातीत गंजलेला लोखंडी रिव्हेट लागला, मग दुसरा, तिसरा. ब्राऊन यांनी तेथेच खोदण्याची पद्धत बदलली. एकही रिव्हेट जागेवरून न हलवता त्यांनी ब्रशने आणि हाताने वाळू बाजूला केली. तेव्हा जे समोर आले ते सुमारे २७ मीटर लांबीचे जहाज होते; परंतु त्यात लाकूड नव्हते. आम्लधर्मी वाळूने तेराशे वर्षांत सारे लाकूड खाऊन टाकले होते. उरला होता वाळूत उमटलेला फळ्यांचा ठसा आणि रांगेने बसलेले रिव्हेट. मध्यभागी सातव्या शतकातील एका राजाची मानली जाणारी समाधी होती. तिच्यात शिरस्त्राण, तलवार, सोन्याचा बक्कल आणि रुप्याची भांडी होती. न्यायचौकशीत हे सारे धन प्रिटीबाईंचेच ठरले आणि त्यांनी ते ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकले.

त्या जागी आज १७ मीटर उंचीचा मनोरा आहे. त्यावर उभे राहिले की टेकाडे, शेते आणि पलीकडे नदीचे पात्र एका दृष्टिक्षेपात येते. मुलगा तेथे बराच वेळ उभा होता. त्याच्या मनातल्या यंत्राला या टेकाडात काय ऐकू आले असते, याचा तो विचार करीत होता. यंत्राने रिव्हेटांचा सूर ऐकवला असता. एकेक रिव्हेट उकरून पिशवीत टाकला असता, तर पिशवीत किलोभर गंजलेले लोखंड जमले असते आणि जहाज कायमचे नाहीसे झाले असते. कारण जहाज त्या लोखंडात नव्हते. एका तुकड्यापासून दुसऱ्या तुकड्यापर्यंतच्या अंतरात ते होते.

यावरून यंत्र वाईटच, असा निष्कर्ष मुलीने लगेच काढला. तो घाईचा होता, हे पुढच्या भेटीत कळले. सटन हूच्या ईशान्येस काही मैलांवर रेंडलशॅम हे खेडे आहे. आठव्या शतकातील इतिहासकार बीड याने येथील राजवाड्याचा उल्लेख केला होता. परंतु तो कोठे होता हे कोणास ठाऊक नव्हते. २००७ च्या सुमारास तेथील शेतमालकाला आपल्या शेतात रात्रीच्या वेळी कोणीतरी खड्डे खणून जात असल्याचे आढळले. अशा चोरट्या शोधकांना इंग्रजीत ‘नाइटहॉक’ म्हणतात. मालकाने परगण्याच्या पुरातत्त्व विभागाकडे तक्रार केली. विभागाने केवळ पहारा बसवला नाही. चार अनुभवी, विश्वासू हौशी यंत्रधारकांना बोलावून २००८ पासून शेताचा पद्धतशीर शोध सुरू केला. सुमारे १५० हेक्टर जमीन त्यांनी वर्षानुवर्षे पायी पिंजून काढली. प्रत्येक वस्तू सापडली त्या बिंदूची नोंद झाली. नोंदींची संख्या हजारांत गेली, तेव्हा नकाशावर एका राजवस्तीची आकृती दिसू लागली. त्या आधारे झालेल्या उत्खननात २०२२ मध्ये २३ मीटर लांबीच्या राजसभागृहाचा पाया मिळाला. जे यंत्र रात्री चोरी करीत होते, तसलेच यंत्र दिवसा मालकाच्या संमतीने आणि नोंदवही घेऊन फिरले, तेव्हा हरवलेली राजधानी परत मिळाली.

तिसरी जागा परगण्याच्या उत्तर सीमेवर, वेव्हनी नदीजवळ आहे. तिचे नाव हॉक्सन. दंतकथा सांगते की नवव्या शतकात व्हायकिंगांपासून पळालेला राजा एडमंड येथील पुलाखाली लपला होता. पाण्यात पडलेले त्याच्या सोनेरी टाचांचे प्रतिबिंब एका नवविवाहित जोडप्याने पाहिले आणि त्याचा ठावठिकाणा सांगून टाकला. राजा मारला गेला. त्याच्या शापाच्या भीतीने नवपरिणित जोडपी पुढे कित्येक वर्षे त्या पुलावरून जात नसत, असे म्हणतात. लपलेले उघड करणे म्हणजे काय, हा प्रश्न या गावाला जुनाच आहे.

१६ नोव्हेंबर १९९२ रोजी येथील एका शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली. त्याने आपले मित्र, निवृत्त माळी एरिक लॉज यांना मदतीस बोलावले. निवृत्तीच्या वेळी भेट मिळालेले मेटल डिटेक्टर लॉज यांच्याकडे होते. हातोडी शोधता शोधता यंत्र जोरात वाजले आणि मातीतून रुप्याचे चमचे, सोन्याचे दागिने आणि नाणी निघू लागली. थोड्या वस्तू बाहेर काढल्यावर लॉज थांबले. खाली अजून पुष्कळ आहे हे दिसत असताना थांबले, हे येथे महत्त्वाचे. त्यांनी जमिनीच्या मालकांना आणि पोलिसांना कळवले. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञांनी गुपचूप येऊन उरलेला ठेवा मातीच्या गोळ्यांसह उचलला आणि प्रयोगशाळेत कणाकणाने सोडवला.

तो रोमन ब्रिटनच्या अखेरच्या काळातील ठेवा होता. त्यात १४,८६५ नाणी आणि सुमारे दोनशे सोन्या-रुप्याच्या वस्तू होत्या. परंतु संख्येहून अधिक मोलाची माहिती त्याच्या मांडणीतून मिळाली. सारे धन ओकच्या एका पेटीत होते. आत लहान पेट्या होत्या, त्यांना रुप्याची इवली कुलुपे होती. नाजूक वस्तूंच्या रक्षणासाठी कापड आणि गवत वापरले होते. लुटारूने घाईने पुरलेला हा माल नव्हता. परत येण्याच्या आशेने एखाद्या कुटुंबाने काळजीपूर्वक केलेली ही बांधाबांध होती. ज्युलियाना नावाच्या स्त्रीला शुभेच्छा देणारी अक्षरे कोरलेले एक सोन्याचे कंकणही त्यात आहे. ते कुटुंब परत आले नाही.

त्याच पेटीत चार रुप्याच्या मिरीदाण्या होत्या. त्यांतील एक, सुमारे दहा सेंटिमीटर उंचीची, राजस्त्रीच्या अर्धपुतळ्याच्या आकाराची आहे. तळाची चकती फिरवली की ती भरता येते, शिंपडता येते किंवा बंद करता येते. या मिरीदाणीची हकीकत ऐकताना आजीचे कुतूहल जागे झाले, कारण ती मिरी भारतातून, मलबारच्या किनाऱ्यावरून जात असे. रोमन व्यापाराच्या खुणा आजी-आजोबांच्या स्वतःच्या मुलुखातही आहेत. कोल्हापूरला पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकाडात रोमन समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती मिळाली होती. सफकच्या मातीतील मिरीदाणी आणि पंचगंगेच्या काठची मूर्ती ही एकाच व्यापारी जगाची दोन टोके होत.

लॉज यांना शासनाकडून बक्षीस म्हणून साडेसतरा लाख पौंड मिळाले. त्या वेळच्या कायद्याने जमिनीशी संबंधित शेतकऱ्याचा त्यावर हक्क नव्हता. तरीही लॉज यांनी ती रक्कम त्याच्याबरोबर वाटून घेतली. हातोडीही शेवटी सापडली आणि आज तीसुद्धा ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे.

याच परगण्याच्या पश्चिमेला मिल्डनहॉलजवळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नांगराच्या फाळाला लागून रोमन रुप्याच्या भांड्यांचा अप्रतिम ठेवा निघाला. त्यातील मोठे ताट आठ किलोंहून अधिक वजनाचे आहे. परंतु तो ठेवा वर्षानुवर्षे घरात राहिला आणि १९४६ मध्ये उघडकीस आला. भांडी वाचली, मात्र ती नेमकी कोठे, कशात आणि कोणत्या मांडणीत होती, हे आज निःसंशय सांगता येत नाही. हॉक्सनचा ठेवा बोलतो, मिल्डनहॉलचा फक्त झळकतो. महाराष्ट्रातही असे घडले आहे. १९७४ मध्ये प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे झुडपाचे मूळ खणताना एका भिल्ल शेतकऱ्याला कांस्याचा बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार शिल्पे मिळाली. त्याने कसलाही अपराध केला नव्हता. तरीही उत्खननाच्या थरांतून, नोंदीसह ती बाहेर न आल्यामुळे त्यांच्या काळाविषयीचा वाद अद्याप मिटलेला नाही.

हे सारे ऐकल्यावर कायद्याचा भाग मुलाला जाचक वाटला नाही. इंग्लंडमध्ये मालकाच्या परवानगीशिवाय कोणाच्याही जमिनीवर यंत्र फिरवता येत नाही. संरक्षित स्मारकांवर तर १९७९ च्या कायद्यान्वये तो गुन्हा ठरतो. १९९६ च्या कायद्याप्रमाणे गुप्तधन सापडल्यास ते चौदा दिवसांच्या आत अधिकाऱ्याला कळवावे लागते आणि बक्षीस सामान्यतः शोधणारा व मालक यांच्यात विभागले जाते. लॉज यांनी आपखुशीने केले, ते आता रीत झाले आहे. गुप्तधनात न मोडणाऱ्या साध्या वस्तूंचीही नोंद व्हावी म्हणून १९९७ पासून एक योजना चालू आहे. तिच्यात पंधरा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली आहे. भारतात १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, हे आजोबांना ठाऊक होते. त्यांच्या लहानपणी मोहरांच्या हंड्यांच्या गोष्टी गावोगाव होत्या. प्रत्येक हंड्यावर नाग बसलेला असे. त्या नागाचे काम इंग्लंडमध्ये कायदा करतो, असे ते हसून म्हणाले.

तंबू तरी निरुपद्रवी असेल, ही मुलीची समजूतही टिकली नाही. तंबूलाही इंग्लंडमध्ये परवानगी लागते. वाटेल त्या माळावर मुक्काम करण्याची मुभा स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने आहे. इंग्लंडमध्ये डार्टमूरचा माळ हा तिचा अपवाद असून मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. सफकमध्ये मात्र नेमलेल्या तळावर पैसे भरून उतरावे लागते. असा एक तळ रेंडलशॅमच्या पाइनच्या जंगलात आहे. शेजारच्याकडून उसना आणलेला तंबू घेऊन हे कुटुंब जूनच्या मध्यावर तेथे दोन रात्रींसाठी गेले.

१९८७ च्या ऑक्टोबरमधील महावादळाने या जंगलाची प्रचंड हानी केली होती. आज तेथे नव्या वयाची झाडे आणि त्यांच्यामध्ये मोकळे, जांभळ्या झुडपांचे माळ आहेत. त्या माळांवर उन्हाळ्यात आफ्रिकेतून रातवा येतो. तो घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवरच अंडी घालतो. वाट सोडून चाललेले एक पाऊल किंवा मोकळे सोडलेले कुत्रे त्याची वीण उधळू शकते. कोरड्या माळावर ठिणगी पडली तर सारा परिसर पेट घेतो. म्हणून उघडा जाळ न करता उंच स्टँडवरच्या गॅसवर मुगाची खिचडी शिजली. जूनमध्ये येथे सूर्य नऊनंतर मावळतो; त्यामुळे जेवण, भांडी आणि फेरफटका, सारे उजेडातच आटोपले. अंधार पडू लागला तेव्हा माळावरून रातव्याचा आवाज आला, दूर कोणीतरी शिलाईयंत्र न थांबता चालवावे तसा. गावाकडच्या रातव्याची हाक याहून निराळी, टुकटुक अशी तुटक असते, असे आजोबांनी सांगितले. मुलगा ऐकत राहिला. काही न उकरताही जमीन काहीतरी ऐकवते, हे त्याच्या ध्यानात आले असावे. तो बोलला मात्र नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी निर्णय झाला. त्यासाठी बैठक बसली नाही. तंबू उतरवताना मुलाने आपणहून सांगितले की पैसे तंबूवर खर्च करावेत. ऑगस्टनंतर पिके निघाली की शेते मोकळी होतात आणि पेरणीपूर्वीच्या त्या थोड्या आठवड्यांत हौशी मंडळांचे लोक मालकांच्या परवानगीने बाहेर पडतात. त्यांच्याबरोबर वडिलांसह एक-दोनदा नुसते चालावे, नोंद कशी करतात ते पाहावे आणि यंत्राचा विचार पुढच्या वर्षी करावा, असे त्याला वाटत होते. आजोबांनी मान डोलावली.

मग खुंट्या मोजल्या. अठरा ठोकल्या होत्या, सतराच निघाल्या. गवतात राहिलेली लोखंडी खुंटी गवत कापणाऱ्या यंत्राच्या पात्यात सापडली तर कोणाला तरी इजा होते, हे तळावरच्या फलकाने बजावले होते. मुलीने भावाला डिवचले की आता यंत्र असते तर मिनिटात सापडली असती. तेही खरेच होते. सहाही जणांनी ओणवे होऊन दवाने भिजलेले गवत तळहाताने चाचपले. अर्धा तास गेला. शेवटी आजीच्या बोटांना ती लागली, दोरीच्या खालीच, टाचेने दबून मातीत रुतलेली.

मुलाने ती पुसली, जेथून काढली तेथली माती पायाने सारखी केली आणि खुंटी पिशवीत टाकली. पिशवीचे तोंड बांधण्यापूर्वी त्याने पुन्हा एकदा मोजल्या. अठरा भरल्या.